अडीच सुताचा बोल्ट

बोल्ट चार आटे बोटांनी सरळ आत गेला. पाचव्याला जरा जड झाला. माझ्या मुलाने पाना लावून अर्धा फेरा दिला आणि बोल्ट जागच्या जागी गच्च झाला. ना पुढे, ना मागे.

"अम्मी, बसला!" तो खुशीत ओरडला.

ओसरीवर खुर्चीत बसलेल्या अब्बांनी विचारले, "किती आटे गेला?"

"पाच-सहा, नानाजान."

"मग बसला नाही. अडकला."

गेल्या वर्षी सुट्टीत घडलेला हा प्रसंग. त्या वेळी मला आटे म्हणजे आटे एवढेच ठाऊक होते. शाळेत मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. यंत्रांशी माझा संबंध शिलाई मशीनपुरता. पण त्या अडकलेल्या बोल्टाने मला वर्षभर पुण्या-मुंबईच्या बाजारांतून फिरवले. ते फिरणे ज्या गाडीसाठी झाले तिच्याविषयी आधी सांगते.

अब्बांची बुलेट १९६६ सालची, ३५० सीसीची. अब्बा एसटीच्या कार्यशाळेत फिटर होते. १९८१ मध्ये त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. मी टाकीवर बसून बालवाडीला गेले, मागे बसून कॉलेजला गेले आणि बी.एड.च्या परीक्षेलाही तिच्यावरूनच गेले. नंतर स्कूटी आली, माझे लग्न झाले आणि बुलेट मागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. मधुमेहाने अब्बांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. २०१९ पासून त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. ज्या माणसाने आयुष्यभर हातात पाना धरला, तो दिवसभर रेडिओ ऐकत बसू लागला. पुढे पुढे रेडिओही बंद.

एक गिऱ्हाईक गाडीला सव्वा लाख द्यायला तयार झाले. घरात पैशाला वाटा होत्याच. अम्मीच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरत होते. पुण्यात राहणाऱ्या धाकट्या भावाचे मत विकण्याचे. खुद्द अब्बाही म्हणाले, "देऊन टाक बेटा. तिचे पेच आता कुठे मिळतात?" मी म्हटले, पुढच्या रमजान ईदपर्यंत थांबा. ईदपर्यंत गाडी उभी राहिली नाही, तर मी स्वतः त्या माणसाला फोन करते. अम्मीने एवढेच विचारले, की तोपर्यंत तिचा गुडघा थांबेल का? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही मला तो बोचतो.

तर तो बोल्ट. मुलाने हार्डवेअरच्या दुकानातून ८ मिलिमीटरचा, बारीक आट्याचा बोल्ट आणला होता. गाडीतले भोक होते अडीच सुताचे. आपले मिस्त्री आजही सुताच्या भाषेत बोलतात: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे ३/८, चार सूत म्हणजे अर्धा इंच. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, मेट्रिकमध्ये ७.९४ मिलिमीटर. आठ आणि ७.९४ यांत डोळ्याला काय फरक दिसणार? शिवाय आटेही जवळजवळ सारखेच. मुलाने आणलेल्या बोल्टाच्या दोन आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर होते. बुलेटच्या त्या भोकात एका इंचात २६ आटे, म्हणजे अंतर सुमारे ०.९७७ मिलिमीटर. पहिल्या आट्याला फरक जाणवतच नाही. पाचव्या-सहाव्यापर्यंत तो साचतो आणि दोन्हीकडचे आटे एकमेकांना चिरडू लागतात. हाताला वाटते, बोल्ट घट्ट बसला.

ही २६ आट्यांची भानगड समजून घ्यायला थोडे इंग्लंडात जावे लागते. एकेकाळी तिथे प्रत्येक कारखान्याचे पेच वेगळे असत; एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागत नसे. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच मोजमाप सुचवले: आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला ठरलेली आट्यांची संख्या. अडीच सुताला १८ आटे, तीन सुताला १६. हे भरड आटे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचीच बारीक आवृत्ती आली, बी.एस.एफ.; तिच्यात अडीच सुताला २२. सायकलवाल्यांना मात्र दोन्ही पसंत नव्हते. सायकलच्या पातळ नळीला, सतत थरथरणाऱ्या सांध्याला आणखी बारीक आटे हवेत, म्हणून त्यांच्या इंजिनिअरांच्या संस्थेने वेगळे माप ठरवले: कोन ६० अंश आणि बहुतेक जाड्यांना सरसकट २६ आटे. रॉयल एन्फिल्ड ही कंपनी रेडिच गावची. ते गाव शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध. कंपनीने आधी सायकली केल्या आणि मग १९०१ पासून मोटरसायकली. साहजिकच सायकलचे आटे मोटरसायकलमध्ये शिरले. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली तेव्हा रेडिचचे नकाशे इथे आले आणि त्यांच्याबरोबर तेच आटे आले. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला. एकीकडे बाजारात शेर जाऊन किलो येत होता, दुसरीकडे नवीकोरी बुलेट सूत आणि इंच घेऊन रस्त्यावर येत होती.

बरे, सगळ्या गाडीला एकच प्रकार असता तरी निभावले असते. पण ॲल्युमिनियम मऊ, त्यात बारीक आटे लगेच झिजतात, म्हणून तिथे भरड व्हिटवर्थ; पोलादी भागांना सायकलचे; विजेच्या छोट्या स्क्रूंना बी.ए. नावाचे तिसरेच. हे बी.ए. म्हणजे पदवी नव्हे, ब्रिटिश असोसिएशन. त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश! इंग्रजांचे असूनही हे माप मुळात मिलिमीटरवर बेतलेले आहे. भर म्हणून, साठ वर्षांत हात लागलेल्या प्रत्येक मेकॅनिकने आपापल्या परीने मेट्रिक बोल्ट ठोकलेले. अब्बांच्या गाडीत मी चार जातींचे पेच मोजले.

पान्यांचाही तोच घोळ. आज १३ नंबरचा पाना म्हणजे बोल्टाच्या डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंतले अंतर १३ मिलिमीटर. व्हिटवर्थच्या पान्यावर मात्र डोक्याचे माप नसते, बोल्टाच्या दांड्याचे असते. १/४ डब्ल्यू असे लिहिलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात सव्वातेरा मिलिमीटरहून किंचित मोठे. त्या बोल्टाला १३ चा पाना चढत नाही; १४ चा चढतो आणि कोपरे झिजवून डोके गोल करून ठेवतो. जुन्या बुलेटचे बोल्ट गोल झालेले दिसतात ते यामुळेच. मी शाळेत लिपीचा घोळ रोज पाहते: उर्दूत एक नुक्ता हलला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. अब्बांना हे सांगितले तेव्हा बऱ्याच दिवसांनी ते मोठ्याने हसले.

मग आमचे काम सुरू झाले. मुलाने अडकलेल्या बोल्टावर डिझेल सोडून दोन दिवस वाट पाहिली आणि तो थोडा थोडा मागे-पुढे करत काढला. आतले पहिले आटे गेलेच होते. गाडीतून निघेल तो प्रत्येक बोल्ट आम्ही रॉकेलमध्ये धुऊन अब्बांच्या हातात देऊ लागलो. त्यांनी मला एक तार आणायला सांगितली आणि तिच्यावर खात्रीचे नमुने ओवले: प्रत्येक जातीचा, प्रत्येक जाडीचा एकेक चांगला बोल्ट. ओळखण्याची त्यांची पद्धत सोपी आहे आणि डोळस माणसालाही ती उपयोगी पडेल. अनोळखी बोल्ट नमुन्याच्या बोल्टाला आडवा चिकटवायचा, आट्यांत आटे बसवायचे. जात एकच असेल तर दोन्ही असे जुळतात की तसूभर हलत नाहीत. वेगळी असेल तर चिमटीत डुलतात. मी दिव्यासमोर धरून मधून उजेड येतो का ते पाहायची. अब्बा ते अंगठ्याने करत. माझ्याकडे पिच गेज होते, म्हणजे दातेरी पात्यांचा छोटा जुडगा, आणि व्हर्नियरही होता. तरी वाद झाला की बहुतेक वेळा अब्बाच बरोबर निघत. एकदाच चुकले. दोन सुताला बी.एस.एफ.चेही २६ आटे आणि सायकलचेही २६; फरक फक्त कोनाचा, ५५ आणि ६०. अशी जुळी भावंडे अंगठ्याला फसवतात.

यादी तयार झाली: सदतीस नग हवेत. तारेची माळ पर्समध्ये घालून मी निघाले.

पुण्यात भाऊ होताच. नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तिथे बुलेटच्या गरजेच्या वस्तू सापडतात, पण सुटा बोल्ट मागितला की काउंटरवरचा माणूस मेट्रिक पुढे करतो आणि म्हणतो, "चालेल, ताई." या 'चालेल'ने जुन्या गाड्यांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे गंजानेही केले नसेल. एकाने तर सांगितले, "साहेबांना पाठवून द्या, त्यांना समजेल." मी माळ काढून काउंटरवर ठेवली आणि विचारले, यातला सायकल आट्याचा कोणता? तो गप्प झाला. मग त्याने आतून एका म्हाताऱ्या कामगाराला बोलावले. त्या चाचांनी माळ हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ये किसने बनाई?" त्यांनी मागच्या खोलीतून एक डबा आणला. त्या डब्यातून मला नऊ नग मिळाले, अगदी न वापरलेले.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गोणपाटावर बोल्टांचे ढीग असतात. तिथे घाई करून उपयोग नाही. खाली बसायचे, गेज काढायचे आणि एकेक तपासायचे. ढिगातला बोल्ट घेताना नट फिरवून पाहावा, वाकडा आहे का ते काचेवर लोळवून पाहावे आणि डोक्याच्या खालचा भाग नीट बघावा, कारण तडा तिथेच पडतो. माझा स्वतःसाठी एक नियम होता: ढिगातला बोल्ट मडगार्डला, टूलबॉक्सला, साखळीच्या कव्हरला चालेल, चाक, ब्रेक आणि हँडलला कधीही नाही. ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाही त्याच्यावर घरची माणसे बसवायची नाहीत.

मुंबईला एका लग्नाच्या निमित्ताने गेले तेव्हा नागदेवी स्ट्रीट पालथी घातली. हत्यारे आणि हार्डवेअर यांची ती मोठी पेठ. तिथे मला अडीच सूत २६ चा टॅप आणि डाय मिळाला. टॅपने भोकातले बिघडलेले आटे दुरुस्त होतात, डायने बोल्टावरचे. मुलाने बिघडवलेले भोक त्या टॅपने वाचले. शुक्रवारी पहाटे चोर बाजाराच्या रस्त्यावर भरणाऱ्या जुम्म्याच्या बाजारातही जाऊन आले. बोल्ट फारसे मिळाले नाहीत, पण १/४ डब्ल्यूचा एक जुना पाना दीडशे रुपयांत मिळाला. एवढ्या पहाटे उठल्याचे सार्थक झाले.

आणि मग माझी फजिती. अडीच सुताचे सायकल आट्याचे साधे नट मला कुठेच पुरेसे मिळेनात. अब्बांना फोनवर सांगितले तर ते म्हणाले, "नाक्यावरच्या सायकलवाल्याला विचारलेस का?" मी विचारले नव्हते. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाची धुरी अडीच सूत २६ ची असते, मागची तीन सूत २६ ची. इंग्लंडचे तेच माप इथल्या सायकलीत अजून जिवंत आहे. शंभर मैल भटकून मी शोधत होते ते नट आमच्या नाक्यावर बरणीत भरून ठेवलेले होते. गेज लावून बारा नट घेतले. हे नट मऊ लोखंडाचे, त्यामुळे मडगार्डसारख्या जागांनाच वापरले.

राहिले ते अवघड नग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे गाळे शेजारी शेजारी आहेत. तिथल्या एका मिस्त्रींना नमुना दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, सव्वीस पाडायचे म्हणजे पासष्टचे चाक लागणार." त्याचा हिशेब त्यांनी खडूने फरशीवर करून दाखवला. त्यांच्या जुन्या लेथच्या मुख्य स्क्रूला इंचात ४ आटे. २६ आटे पाडायचे तर वेग ४ भागिले २६ या प्रमाणात हवा. २६ म्हणजे दोन तेरा. म्हणून गिअरच्या चाकांत कुठे तरी तेराच्या पटीतले चाक पाहिजेच. वीस, चाळीस, ऐंशी आणि पासष्ट दात्यांची चाके जोडली की प्रमाण नेमके जुळते. पासष्टचे चाक त्यांनी कपाटाखालून काढले. ग्रीसमध्ये बुडवून कागदात गुंडाळलेले. सातवी-आठवीत अपूर्णांक कंटाळवाणे वाटणाऱ्या मुलांना एकदा त्या गाळ्यात घेऊन जावे असे मला वाटले. आम्ही ईएन-८ पोलादाची सळई घेतली. साध्या लोखंडापेक्षा ती मजबूत असते.

मुलाम्याबद्दल मिस्त्रींनीच सावध केले. गंज लागू नये म्हणून बोल्टावर झिंक चढवतात. त्याआधी तो ॲसिडमध्ये धुतात. या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो. फार कडक पोलादाचा बोल्ट त्याने ठिसूळ होतो आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. असे बोल्ट मुलामा होताच भट्टीत सुमारे २०० अंशांवर काही तास तापवावे लागतात. आमचे बोल्ट त्या जातीचे नव्हते, पण चमकदार दिसण्यासाठी कुठलाही बोल्ट कुठेही चकाकवून आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता ती गोष्ट, जी लिहावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. अब्बांना विचारले, ते म्हणाले, लिही.

मागच्या ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून ती गाडीच्या सांगाड्याला एका स्टडने आणि नटाने अडकवलेली असते. ब्रेक दाबला की सारा जोर त्या एका जागेवर येतो. तो नट सुटला तर प्लेट गरकन फिरते, चाक जाम होते. मुलाने तो नट काढून नेहमीप्रमाणे अब्बांच्या हातात दिला. त्यांनी माळ ओढली, नमुना लावला. मग दुसरा नमुना. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"मेट्रिक आहे," मी म्हटले. "कुणी तरी गॅरेजवाल्याने लावला असेल."

"कुणी नाही," अब्बा म्हणाले. "मी लावला."

माझ्या बी.एड.च्या परीक्षेच्या आदल्या रात्री मूळ नट पडून हरवला होता. दुकाने बंद, पेपर सकाळी, केंद्र कोल्हापूरला. त्यांनी घरातल्या बरणीतून ८ मिलिमीटरचा बारीक आट्याचा नट काढला. तो पाच आटे हाताने चढला, पुढे पान्याने. घट्ट वाटला. तो अडकला आहे, बसलेला नाही, हे त्यांच्याइतके कुणाला कळत असणार? परत आल्यावर बदलू, असे त्यांनी ठरवले. मग दुसऱ्या दिवशीही पेपर होता. नंतर ते विसरले. त्या नटावर ते मला नेत-आणत राहिले, नंतर अम्मीला, एकदा माझ्या याच मुलाला, तो दोन वर्षांचा असताना. मुलाने बोल्ट अडकवला त्या दिवशी त्यांना हे सगळे आठवले होते. म्हणूनच त्यांनी विचारले होते, किती आटे गेला.

स्टडवरचे आटे अर्धे चिरडलेले होते. उद्यमनगरात केलेला पहिला स्टड आणि नट याच जागेसाठी होता. मी तो घरी आणला तेव्हा अब्बांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मुलाने त्यांचा हात धरून जागेवर नेला. नट बोटांनी शेवटपर्यंत गेला, पाना न लावता. त्यांनी तो परत काढला, पुन्हा लावला. तीनदा.

ईद आली तेव्हा इंजिन चालू झाले होते, पण टाकीचा रंग बाकी होता. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू झाली आहे. भाऊ तिचा आग्रह धरतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, म्हणून मी दर पाच वर्षांच्या साध्या नूतनीकरणावरच थांबले आहे. अम्मीच्या गुडघ्याचे ऑपरेशन भावाने आणि मी मिळून केले. ती हातात काठी घेऊन पडवीत येते आणि एवढ्या पसाऱ्याला नावे ठेवते.

सव्वा लाखवाल्या गिऱ्हाइकाचा ईदच्या तिसऱ्या दिवशी फोन आला. मी काही बोलण्याआधी अब्बांनी हात पुढे केला. फोन कानाला लावून म्हणाले, "नाही, अजून तयार नाही. एक स्क्रू राहिलाय."

तो खरोखरच राहिला आहे. विजेच्या खोक्याच्या झाकणाचा, २ बी.ए. आकाराचा. नमुना माझ्या पर्समध्ये आहे आणि येत्या रविवारी मी पुण्यात आहे.